वयात येण्याची मुदत

दिवाळी सरली की संगमनेर तालुक्यातली पंधरा-सोळा वर्षांची मुलं दोन वेगळ्या कारणांनी पहाटे उठतात. शहरातली आणि आसपासच्या गावांतली मुलं क्लासला निघतात. अकरावी-बारावी सायन्स, डोळ्यांपुढे नीट नाहीतर सीईटी. त्याच सुमाराला प्रवरेच्या काठच्या उसाच्या फडात, बाहेरून आलेल्या टोळ्यांमधली त्यांच्याच वयाची मुलं-मुली मोळ्या बांधत असतात आणि दिवस चढल्यावर वाढे विकायला काढतात. शरीरातली उलथापालथ दोन्हीकडे सारखीच. आवाज फुटतो, उंची झपाट्याने वाढते, पाळी सुरू होते, झोपेच्या वेळा पुढे सरकतात, आरशासमोर जास्त वेळ जायला लागतो. निसर्गाने दोघांनाही एकाच वळणावर आणून सोडलेलं असतं. पुढे मात्र एकाला मोठं व्हायला सहा-सात वर्षं मिळतात आणि दुसऱ्याला जेमतेम एक हंगाम.

किशोरवयाबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते बहुधा हार्मोन्सबद्दल, मोबाइलबद्दल आणि मुलं बिघडण्याबद्दल. या वयाची सुरुवात शरीर करतं हे खरं आहे. पण ते किती काळ चालू द्यायचं, कोणाला द्यायचं आणि कोणाचं मध्येच आटोपतं घ्यायचं, हे समाज ठरवतो. महाराष्ट्रात हा निर्णय गेली दीडशे वर्षं भांडून घेतला जातो आहे आणि अजून तो पुरता झालेला नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये ‘अ‍ॅडोलसन्स’ हा दोन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि हे वय म्हणजे वादळ आणि ताण, अशी प्रतिमा रूढ केली. १९२८ मध्ये मार्गारेट मीड यांनी सामोआ बेटांवरच्या मुलींबद्दल लिहिताना उलट बाजू मांडली: तिथे हे वय शांतपणे पार पडतं, तेव्हा वादळ निसर्गाचं नाही, संस्कृतीचं आहे. पुढे १९८३ मध्ये डेरेक फ्रीमन यांनी मीड यांच्या निष्कर्षांवर कडाडून टीका केली आणि तो वाद बरीच वर्षं धुमसत राहिला. मराठी वाचकाला मात्र यासाठी सामोआपर्यंत जाण्याचं कारण नाही. बालपण आणि संसार यांच्या मधली वर्षं समाजाने नाकारली तर काय होतं, याचा दाखला आपल्याच घराण्यांच्या इतिहासात आहे.

सावित्रीबाई फुले यांचं लग्न १८४० मध्ये झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि जोतीराव तेरा. रमाबाई रानडे १८७३ मध्ये अकराव्या वर्षी बोहल्यावर चढल्या. आनंदीबाई जोशी नवव्या वर्षी सासरी आल्या आणि चौदाव्या वर्षी आई झाल्या. ते मूल दहा दिवस जगलं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या आणि वयाची बावीस वर्षं पुरी होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. या बायकांच्या जिद्दीच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो आणि सांगायलाच हव्यात. पण त्या ऐकताना एक गोष्ट नजरेतून सुटते. त्यांच्या शिक्षणाचं दार नवऱ्यांनी उघडलं, आणि असे नवरे त्या काळात अपवाद होते. ज्या हजारो मुलींना तसा नवरा मिळाला नाही, त्यांच्यात कोणती बुद्धी होती हे कळायला आता मार्ग उरलेला नाही.

त्याच काळात एका मुलीला मात्र ही मधली वर्षं योगायोगाने मिळाली. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या मुंबईच्या घरी त्या वाढल्या, पुस्तकं वाचत राहिल्या, घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची बोलणी ऐकत राहिल्या. नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला तेव्हा समोर वीस वर्षांची, स्वतःचं मत असलेली बाई उभी होती. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर १८८७ मध्ये हुकूम उलटा आला, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली, त्या लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. दाव्याच्या काळात ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये ‘अ हिंदू लेडी’ या सहीने त्यांनी लिहिलेल्या पत्रांचा रोख बालविवाहाने मुलीच्या शिकण्यावर आणि वाढण्यावर येणाऱ्या घाल्यावर होता. रखमाबाईंचं धैर्य जन्मजात होतं असं मानणं सोपं आहे. अकरा ते वीस ही नऊ वर्षं आईच्या घरी मिळाली नसती, तर त्या धैर्याला कोर्टापर्यंत पोचायची वाट कुठून मिळाली असती?

एरिक एरिक्सन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर या वयाचा गाभा सांगितला तो नेमका हाच. किशोरवयाचं मुख्य काम म्हणजे ‘मी कोण’ हे ठरवणं, आणि त्यासाठी समाजाने तरुण माणसाला काही वर्षांची मुदत द्यावी लागते. या मुदतीत तो वेगवेगळ्या भूमिका करून बघतो, चुकतो, मतं बदलतो, आणि कायमची जबाबदारी अजून त्याच्या अंगावर पडलेली नसते. एरिक्सन यांच्यापुढे होती ती पाश्चात्त्य मध्यमवर्गीय मुलं, त्यामुळे ही मुदत जणू सगळ्यांना मिळतेच अशा थाटात त्यांचे अनुयायी लिहीत राहिले. आपल्याकडे तिचा एकेक दिवस कायद्याने मिळवावा लागला.

१८६० च्या दंडसंहितेत मुलीच्या संमतीचं वय दहा होतं. फुलमणी या दहा-अकरा वर्षांच्या बंगाली मुलीचा नवऱ्याच्या संबंधामुळे मृत्यू झाला, देशभर खळबळ उडाली आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ते बारा झालं. या विधेयकावरून पुण्यात रण माजलं. परक्या सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून टिळकांनी विरोध केला. आगरकर आणि रा. गो. भांडारकर बाजूने उभे राहिले, भांडारकरांनी तर शास्त्रांचेच आधार काढून दाखवले. मग १९२९ चा सारडा कायदा आला आणि मुलीच्या लग्नाचं वय चौदा झालं, १९४९ मध्ये पंधरा, १९७८ मध्ये अठरा. संमतीच्या दहापासून लग्नाच्या अठरापर्यंत यायला एकशे अठरा वर्षं लागली. तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. ऊसतोड मजुरांच्या बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४४ टक्क्यांच्या घरात आहे.

शरीराचं घड्याळ दरम्यान उलट्या दिशेने सरकलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातल्या काही देशांत पहिली पाळी सोळाव्या-सतराव्या वर्षी येई. आता पोषण सुधारल्यावर ती जगभर साधारण बारा-तेराच्या आसपास येते. शिक्षण लांबलं, नोकरी उशिरा लागते, लग्नं पुढे गेली. म्हणून हे वय दोन्ही टोकांनी ताणलं गेलं आहे. जागतिक आरोग्य संघटना दहा ते एकोणीस हा टप्पा मानते. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात काही संशोधकांनी तो चोविसाव्या वर्षापर्यंत न्यावा असं सुचवलं.

मेंदूविज्ञानाने या लांबलेल्या टप्प्याला पाठबळ दिलं. जे गीड आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मुलांच्या मेंदूंच्या एमआरआय प्रतिमा वर्षानुवर्षं घेऊन दाखवलं की मेंदूच्या पुढच्या भागातला करडा थर वयात येण्याच्या सुमारास सर्वांत जाड होतो आणि मग पातळ होऊ लागतो. जोडण्या कमी होतात, पण राहिलेल्या पक्क्या होतात. संगमनेरच्या डाळिंबवाल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. बहार धरताना तो झाडाची छाटणी करतो ती झाड दुबळं व्हावं म्हणून करत नाही. मेंदूत कोणती फांदी ठेवायची हे वापरावर ठरतं. जे वाचलं, वाजवलं, खेळलं, ज्याची काळजी केली, ते टिकतं. नियोजन आणि आवर घालण्याचं काम करणारा हा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास स्थिरावतो, तर बक्षिसाची, कौतुकाची, थराराची ओढ लावणारी यंत्रणा त्याच्या आधीच जोरात सुरू झालेली असते.

एवढं ऐकलं की लोक लगेच म्हणतात, म्हणजे या वयात अक्कल कमी असते. तसं नाही. शांतपणे, वेळ घेऊन विचार करायचा असेल तर सोळा वर्षांची मुलं जवळपास प्रौढांइतकाच नीट विचार करतात. फरक पडतो तो भोवती दोस्त असताना. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये तीन वयोगटांना गाडी चालवण्याचा एक संगणकी खेळ खेळायला दिला, काहींना एकट्याने आणि काहींना मित्रांसमोर. मोठ्यांच्या खेळात काही फरक पडला नाही. किशोरांनी मित्र बघत असताना कितीतरी जास्त धोका पत्करला. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही टपरीवर हे रोज दिसतं. मावा मळायला कोणी एकट्याने शिकत नाही. पहिली पुडी मित्राच्याच हातून येते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असा कायदा २००३ पासून आहे, पण मित्राच्या खिशाला यार्डांची मर्यादा नसते. त्यामुळे ‘तंबाखूने कर्करोग होतो’ हे भिंतीवर लिहून थांबणं अपुरं आहे. मुलांना ते माहीत असतं. नाही म्हणताना मित्र सुटू नये, हे कसं जमवायचं याचा सराव त्यांना हवा असतो.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्श गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं. बाल न्याय मंडळाने जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि राज्यभर संताप उसळला. तो संताप रास्त होता. पण चर्चा दोनच टोकांना फिरत राहिली: याला मूल म्हणायचं की मोठा माणूस? मधला टप्पा मान्य केला तर विचारायचे प्रश्न बदलतात. नोंदणी न झालेल्या गाडीची किल्ली, वयाखालच्या मुलाला दारू, रात्रीची मोकळीक, हे सगळं मोठ्यांच्या हातात होतं. किशोरवय समजून घेणं म्हणजे गुन्ह्याला माफी देणं नव्हे. जबाबदारीची वाटणी नेमकी करणं आहे.

झोपेचं प्रकरण याहून साधं आहे आणि तरीही दुर्लक्षित. वयात आल्यावर झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. मेरी कार्स्कडन यांच्या संशोधनाने हे कधीच दाखवून दिलं आहे. रात्री अकरापर्यंत झोप न येणारा मुलगा आळशी नसतो. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून माध्यमिक शाळांची वेळ पुढे नेली. महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा नऊनंतर भरवण्याचा निर्णय घेतला, पण तो चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. लहानग्यांना त्याचा फायदा झालाच असेल. पण ज्यांच्या शरीराचं घड्याळ खरोखर उशिरा चालतं ती नववी ते बारावीची मुलं निर्णयाबाहेर राहिली, आणि कॉलेजआधीचे क्लास तर सहालाच सुरू होतात. पठारावरच्या किंवा अकोले तालुक्यातल्या गावातून संगमनेरला येणाऱ्या मुलीचा दिवस त्याहून आधी सुरू होतो, कारण एसटीची वेळ तिच्या हातात नसते.

या एसटीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत प्रवास मिळतो. कागदावर ही वाहतुकीची सवलत आहे. प्रत्यक्षात गावाबाहेरचं जग, मैत्रिणींशी मोकळं बोलणं, घरच्यांच्या नजरेपलीकडचा एक तास, हे सगळं तिला त्या लाल गाडीत मिळतं. १९६१ मध्ये संगमनेर महाविद्यालय सुरू झालं आणि १९८३ मध्ये अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालय, त्यातून हे शहर दोन-तीन तालुक्यांच्या तरुणांचं ठिकाण झालं. इमारतींच्या बरोबरीने हे काम वेळेवर येणाऱ्या बसने केलं आहे. संध्याकाळची फेरी रद्द झाली, की एखाद्या घरात ‘बास झालं आता कॉलेज’ हे वाक्य उच्चारलं जातं.

कारण आज मुलीचं लग्न लवकर लावणारं घर पूर्वीसारखं शास्त्राच्या आज्ञेने चालत नाही. ते भीतीने चालतं. स्टँडवर कोणी छेडेल, मोबाइलवर कोणी भेटेल, पळून जाईल, नाव जाईल. हे वय घडण्याचं आहे असं न वाटता ते धोक्याचं वाटतं, म्हणून ते लवकर बंद करून टाकलं जातं. या भीतीवर बोलण्याची जागा शाळा होऊ शकली असती. २००७ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांमधलं लैंगिक शिक्षण थांबवलं, तेव्हा ती जागा आपण हाताने मिटवली. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांना वेगळा रस्ता दिसला. दोन गावांतल्या बायकांच्या तपासणीत ९२ टक्के जणींना स्त्रीरोग असल्याचं त्यांचं संशोधन १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. अज्ञान आणि लाज यांची मुळं या वयात आहेत हे ओळखून पुढे त्यांनी ‘तारुण्यभान’ची शिबिरं सुरू केली, मुलगे आणि मुली दोघांसाठी. मुलग्यांचा समावेश महत्त्वाचा. आपल्याकडे मुलग्याला मोकळीक मिळते, संवाद मिळत नाही.

कायद्याने तर प्रेमालाही गुन्ह्याच्या चौकटीत बसवलं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने संमतीचं वय सोळावरून अठरा केलं. मुलांना अत्याचारापासून वाचवण्यासाठी हा कायदा आवश्यक आहे यात शंका नाही. पण महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालमधल्या निकालांच्या एका अभ्यासात जवळपास चौथा हिस्सा खटले प्रेमसंबंधांचे निघाले. सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा पळून जातात, घरचे पोलिसात जातात, मुलगा तुरुंगात आणि मुलगी सुधारगृहात. असं प्रकरण गावात घडलं की पुढच्या वर्षी तिच्या वर्गातल्या इतर मुलींची लग्नं उरकली जातात.

आणि आता पुन्हा उसाच्या फडाकडे, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथे आहे. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाची हमी देतो. बालमजुरी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने चौदा ते अठरा हा किशोरांचा वेगळा गट मानला, पण त्यांना मज्जाव केला तो फक्त धोकादायक कामांपासून. मुलीच्या लग्नाला अठरा हवीत, संमतीला अठरा हवीत. म्हणजे चौदा ते अठरा या चार वर्षांत राज्य मुलाला सांगतं की लग्न करू नकोस, प्रेम करू नकोस. पण शाळेत राहण्याचा हक्क तुला देत नाही आणि कामाला जाण्यापासून फारसं अडवत नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल त्या जोडीवर मिळते. गावी वयात आलेली मुलगी एकटी ठेवता येत नाही, फडावरच्या कोपीत तिला दार नसतं. अशा आईबापांना बालविवाहाचे तोटे सांगणारं पत्रक देणं हा त्यांच्या अडचणीचा अपमान आहे. त्यांना तोटे ठाऊक असतात.

संगमनेरला हे नवं नाही. इथल्या विडी कामगार बायकांच्या घरी पिढ्यान्पिढ्या मुली सूप मांडीवर घेऊन आईशेजारी बसल्या. १९८६ च्या बालमजुरी कायद्याने विडी वळणं मुलांसाठी बंदी असलेल्या कामांत घातलं, आणि त्याच कायद्याने घरच्या घरी कुटुंबासोबत चालणारं काम वगळलं. हजार विड्यांची ‘हजारी’ पुरी करायची तर घरातला प्रत्येक हात लागतोच. यातल्या कितीतरी घरांतल्या मुली पुढच्या पिढीत शिकल्या, नोकरीला लागल्या, त्यामागे आयांनी रात्री जागून वळलेल्या विड्या आहेत. मुलीला मुदत मिळाली ती आईच्या झोपेतून.

संगमनेर हे शाहीर अनंत फंदींचं गाव. उपदेशाचा फटका मराठीत रुजला तो त्यांच्यामुळे, आणि या वयाशी बोलण्याची आपली रीतही बरीचशी उपदेशाचीच राहिली. उपदेशाची ताकद नाकारायचं कारण नाही, पण आजच्या पंधरा वर्षांच्या मुलाकडे सल्ल्याची टंचाई नाही. त्याला जागा, वेळ आणि ऐकून घेणारा माणूस यांची टंचाई आहे.

हे देता येतं, आणि दिल्यावर फरक पडतो, याचा पुरावा शेजारच्याच जिल्ह्यात आहे. पैठण तालुक्यात पाचोड इथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने नव्वदच्या दशकाच्या शेवटी गावोगावच्या अविवाहित मुलींसाठी संध्याकाळचा तासभराचा वर्ग सुरू केला. वर्षभर चालणारा. आरोग्य, शरीर, बँक, ग्रामपंचायत, भांडण कसं सोडवायचं, आपलं म्हणणं घरी कसं मांडायचं, असे विषय. शिकवणाऱ्या बायका गावातल्याच. काही वर्षांत त्या गावांमधलं मुलींच्या लग्नाचं मध्यक वय सोळावरून सतरावर गेलं. एक वर्ष. आकडा छोटा दिसतो; रखमाबाईंना मिळालेल्या नऊ वर्षांपुढे तर फारच छोटा. पण या वर्षात दहावीची परीक्षा बसते, एखादी नोकरीची जाहिरात बसते, ‘थांबा अजून’ म्हणणारी मावशी बसते.

संगमनेरात अशी व्यवस्था उभी करायला नव्या संस्थेची गरज नाही. साखर कारखाना आहे, राजहंस दूध संघ आहे, महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या तुकड्या आहेत, आणि प्रत्येक टोळीची कोपी कोणत्या गावाच्या शिवारात पडली आहे हे कारखान्याच्या शेतकी खात्याला पहिल्या आठवड्यातच कळतं. लहान मुलांसाठी साखरशाळांचे प्रयोग राज्यात झाले. चौदाच्या पुढच्यांसाठी असं काही क्वचितच झालं. गळीत हंगाम चार-पाच महिने चालतो. संध्याकाळी तासभराचा वर्ग भरला, कोपीजवळच भरला, तर शंभराच्या आसपास तास होतात. त्यासाठी मुकादमाकडून येणाऱ्या यादीत कोयत्यांच्या संख्येशेजारी आणखी एक रकाना आखावा लागेल: टोळीसोबत आलेली चौदा ते अठरा वयाची मुलं किती, आणि त्यांची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली.